वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट: साताऱ्याच्या डोंगरांत वर्षभर वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये हे बूट घेतले, परवा त्यांना वर्ष झालं. मी साताऱ्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते. सहा दिवस खुर्ची आणि रविवारी डोंगर, असं हे माझं पहिलंच वर्ष. वहीतल्या नोंदींप्रमाणे ३४ वेळा हे बूट डोंगर चढलेत. त्यातला निम्मा वाटा अजिंक्यताऱ्याचा, कारण तो घरामागेच आहे. बाकी सज्जनगड, पांडवगड, वैराटगड, कमळगड, केंजळगड-रायरेश्वर, वासोटा, कळसूबाई आणि डिसेंबरात उत्तराखंडातलं केदारकंठा. बूट घोट्याच्या वर येणारे, आत वॉटरप्रूफ अस्तर असलेले, किंमत साडेचार हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या सगळ्या जातीच्या बुटांना लागू आहे.

आधी मापाचं सांगते, कारण निम्मं सुख तिथेच ठरतं. बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो, चालून चालून आणखी फुगतो. ज्या मोज्यांवर ट्रेक करणार तेच घालून जा, आणि दुकानात जिना असेल तर चार वेळा उतरून बघा. चढताना कुठलाही बूट बरा वाटतो. उतरताना पाय पुढे सरकतो आणि अंगठा बुटाच्या टोकाला आपटायला लागतो. माझ्या मैत्रिणीने नेहमीच्या चपलेच्या मापाचे घेतले आणि कळसूबाई उतरून आली तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती. मी अर्धा नंबर मोठे घेतले होते. उतार सुरू व्हायच्या आधी घोट्यापाशी नाडीला एक जादा गाठ मारून टाच मागे घट्ट धरायची, ही सवयही लावून घेतली. वर्षभरात एकही नख गेलं नाही.

आता पाऊस. वॉटरप्रूफ शब्दासाठी मी हजारभर रुपये जास्त मोजले होते, त्यामुळे याबद्दल मन लावून लिहिते. जुलैत सज्जनगडला गेलो. पहिला पाऊण तास पाय कोरडे ठणठणीत, मी खूश. मग पावसाचं पाणी पँटवरून ओघळत मोज्यात आणि मोज्यातून थेट बुटात उतरलं. बाहेरचं पाणी आत न घेणारं अस्तर आतलं पाणीही बाहेर जाऊ देत नाही. पाऊल टाकलं की पचाक पचाक आवाज, आणि दर अर्ध्या तासाने दगडावर बसून बूट उपडे करायचे. ओहोळात पाय घोट्याच्या वर बुडाला तरी तीच गत. शिवाय हे अस्तर घामाची वाफ बाहेर सोडतं असं सांगतात, आणि कोरड्या हवेत ते सोडतंही. पण आपल्या श्रावणात हवाच पाण्याने भरलेली, वरचं कापडही भिजून जड झालेलं. वाफ जाणार कुठे? थेंबभर पाणी शिरलं नाही तरी मोजे ओले निघतात.

वाळवणं हा वेगळाच उद्योग. वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, चार तासांनी बदलायचे, रात्रभर पंख्याखाली ठेवायचे, तरी पावसाळ्यात दोन-अडीच दिवस जातात. बामणोलीकडची, कासच्या वाड्यांवरची माणसं पावसात प्लॅस्टिकचे किंवा रबरी बूट घालतात. पाणी येतं तसं निघून जातं, घरी आल्यावर धुऊन उपडे टाकले की सकाळी तयार. मला हे पहिल्या महिन्यात समजायला हवं होतं. सह्याद्रीच्या पावसात पाय भिजणारच. आलेलं पाणी लवकर बाहेर जाईल असा जाळीचा, हलका बूट तिथे जास्त कामाचा.

ग्रिपचंही थोडं असंच. खोल खाचांचा सोल चिखलात आणि मुरमाड वाटेवर उत्तम धरतो. शेवाळलेल्या काळ्या कातळावर मात्र खाचांचा उपयोग नाही, तिथे मऊ रबर आणि दगडाला टेकलेला जास्तीत जास्त पृष्ठभाग लागतो. या बुटांचं रबर कडक आहे. ते झिजत कमी आहे, पण ओल्या कातळावर मी दोनदा सपशेल आडवी झाले. आता अशा जागी पूर्ण तळवा टेकवून, छोटी पावलं टाकते. (एक कळकळीची विनंती: हे खाचांचे बूट घालून कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, वाट सोडून जाऊ नका. तिथे कातळावर मातीचा जेमतेम पातळ थर असतो आणि सगळी फुलं त्याच्यावरच जगतात.)

मग केदारकंठा. सांक्रीहून निघालो, साडेबारा हजार फुटांचं शिखर, वरच्या टप्प्यात बर्फच बर्फ. तिथे हे बूट घेतल्याचं सार्थक झालं. सुका बर्फ वरून ओघळत नाही, बुटाला चिकटतो आणि झटकला की पडतो. आतले मोजे चारही दिवस कोरडे होते. अर्धा नंबर मोठे असल्यामुळे जाड लोकरी मोज्यांनाही जागा मिळाली, आणि वरून बर्फावरचे खिळ्यांचे पट्टे चढवले तर सोल जराही दुमडला नाही. शेजारच्या तंबूतली मुलं साधे स्पोर्ट्स शूज घालून आली होती. पहाटे तीनला निघताना त्यांच्या बुटांच्या नाड्या गोठून काडीसारख्या झाल्या होत्या.

जानेवारीत वासोटा. बामणोलीहून बोटीने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा, वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, घनदाट जंगलातून वर चढायचं आणि बोटवाल्याने सांगितलेल्या वेळेत खाली यायचं. उतरायला लागून वीस मिनिटं झाली असतील. उजव्या पायाखाली फट्‌ फट्‌ असा आवाज यायला लागला. खाली पाहिलं तर चवड्याकडून सोल उघडला होता, मगरीच्या जबड्यासारखा, आणि आत सुकलेल्या डिंकाचा पिवळट थर दिसत होता. पुढचं पाऊल टाकलं की सोल मागे दुमडायचा. मैत्रिणीच्या सॅकला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. ती बुटाभोवती तीनदा गुंडाळून घोट्याशी बांधली. दहा मिनिटांत दगडांवर घासून तुटली. मग बुटाचीच नाडी काढून वापरली, वर रुमाल बांधला. बोट चुकली तर सगळ्यांची पंचाईत, म्हणून थांबायची सोय नव्हती. शेवटचा सपाटीचा पट्टा मी एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात मोजा अशी चालले. बोट मिळाली.

दुकानाला फोटो पाठवले. सहा महिन्यांची वॉरंटी चार आठवड्यांपूर्वी संपलीय, एवढंच उत्तर आलं. याचा राग आला आणि अजून आहे. साडेचार हजारांच्या बुटाचा सोल सात महिन्यांत सुटायला नको. पण माझीही एक चूक इथे लिहायलाच हवी. पावसाळ्यात लवकर वाळावेत म्हणून मी हे बूट बऱ्याचदा आंघोळीच्या बंबाशेजारी ठेवले होते. या बुटांचा सोल शिवलेला नसतो, नुसता चिकटवलेला असतो, आणि उष्णतेने तो डिंक कमजोर होतो. बंब, गॅस, उन्हात लावलेल्या गाडीची डिकी, या तिन्हींपासून बूट लांब ठेवा.

पोवई नाक्याजवळ एक चर्मकार काका बसतात, त्यांच्याकडे नेले. त्यांनी सोल अंगठ्याने दाबून पाहिला, बूट उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "ताई, नुसतं चिकटवून काय उपेग न्हाई. टाका मारला तर टिकंल." मग जुना डिंक खरवडला, नवं सोल्यूशन लावून वाळू दिलं, आणि आरीने भोक पाडत जाड दोऱ्याने सोलच्या कडेने पुरता टाका घातला. दुसरा बूट धड होता, तोही शिवून घ्यायला लावला. "ह्यो बी जानारच हाय." दोन्हींचे मिळून तीनशे रुपये. टाक्याच्या भोकांमुळे आता बूट पूर्वीसारखा वॉटरप्रूफ राहिलेला नाही, पण त्यानंतर कमळगड, केंजळगड, रायरेश्वर आणि कळसूबाई झालं, सोल जागचा हललेला नाही. कमळगडावरच्या कावेच्या विहिरीत उतरले तेव्हा तिथली लाल ओली माती टाक्यांत जी बसली, ती ब्रशने घासूनही निघाली नाही. अजून त्या दोऱ्याचा रंग गेरूसारखा आहे.

उन्हाळ्यातल्या घसाऱ्यावर या बुटांबद्दल तक्रार नाही. गवत वाळून गुळगुळीत होतं, खाली बारीक खडी असते, तिथे टाच रोवून उतरायला कडक सोल फार आधार देतो. घोटा दोनदा मुरगळता मुरगळता वाचला. तळव्याला टोकदार दगड जाणवत नाहीत. डांबरी रस्त्यावर मात्र ते वापरू नका. अजिंक्यताऱ्याला मी सुरुवातीला गाडीरस्त्याने जायचे, त्यात टाचेच्या बाहेरच्या बाजूच्या खाचा पार सपाट झाल्या. आता पायवाटेने जाते, आणि डांबरीवरून जायचं असेल तर साधे शूज घालते.

हिमालयात जाणार असाल किंवा ऑक्टोबर ते मे आपल्याकडचे किल्ले करणार असाल तर या प्रकारचे बूट जरूर घ्या, आणि नवे असतानाच चर्मकाराकडून कडेने शिवून घ्या. वॉटरप्रूफपणा थोडा जाईल, सोल राहील. फक्त पावसाळी भटकंती करायची असेल तर एवढे पैसे घालू नका.

मी या जूनसाठी जाळीचे बूट घेतलेत. हे जुने धुऊन, सावलीत वाळवून कपाटात ठेवलेत, पण नुसते ठेवून चालणार नाही. पप्पांचे एक जोडी बूट आठ वर्षं माळ्यावर पडून होते, गेल्या दिवाळीत काढले तर सोलमधला फेस हातात रव्यासारखा भुगा होऊन आला. पीयू (पॉलियुरेथेन) फेसाचं असं होतं, दमट हवेत तो न वापरताही आतून विरत जातो. म्हणून महिन्यातून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, मी हे घालून अजिंक्यताऱ्यावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत जाऊन येते. काकांनी ऑक्टोबरात टाचेला नवं रबर लावून द्यायचं कबूल केलंय.