हॉलमधला डिमर : दिवाळी ते मिरीग

आण्णांचं मिरजेत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि हॉलमधला पांढरा उजेड त्यांच्या डोळ्यांना टोचायला लागला. दिवा बंद केला तर बाकीच्यांनी चाचपडायचं, चालू केला तर ते टॉवेल डोक्यावरून घेऊन बसणार. म्हणून दिवाळीच्या आधी बटण काढून तिथं डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची खुंटी, बसवला. आता मिरीग निघाला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

बसवण्यात विशेष काही नाही. वायरमननं एमसीबी पाडली, टेस्टरनं खात्री केली, बटणाच्या दोन वायरी काढून डिमरला जोडल्या. गोल खुंटीच्या साध्या डिमरला तिसरी, न्यूट्रलची वायर लागत नाही. मोबाईलवर चालणारे बहुतेक डिमर मागतात. फक्त जागा बघा. आमच्या डिमरला दोन मॉड्यूल, म्हणजे बोर्डावरची दोन बटणांएवढी जागा, लागले, शेजारची कोरी पट्टी होती म्हणून निभावलं. जिन्यात वर-खाली दोन्हीकडून चालणारं बटण असेल तर तिथं हा साधा डिमर लावू नका.

खरी गोम बल्बात आहे. जुना पिवळा साठ वॅटचा बल्ब कुठल्याही डिमरवर मुकाट्यानं मंद होतो. साधा एलईडी मात्र नाचतो. डिमर काय करतो, तर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा तुकडा कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. एलईडीच्या आतलं सर्किट तेवढ्यातही उजेड कायम ठेवायला धडपडतं, आणि मग ते फडफडणं सुरू. खोक्यावर ‘डिमेबल’ छापलेलाच बल्ब घ्या. महाग पडतो, पण इलाज नाही.

तेवढ्यानंही भागत नाही. आमचा डिमर ४०० वॅटचा, बल्ब नऊ वॅटचा. खुंटी खाली नेली की एकटा बल्ब लुकलुकायचा, कारण डिमरला कमीत कमी काही लोड, म्हणजे जोडलेल्या बल्बांचे एकूण वॅट, लागतो. त्याच बटणावर तीन बल्ब केल्यावर तो शहाण्यासारखा वागायला लागला. अजूनही खुंटी अगदी खाली ठेवून चालू केला तर पेटत नाही. आधी वर न्यायची, पेटला की खाली आणायची. रात्री टीव्ही बंद असताना बोर्डाजवळ कान नेला तर बारीक गुणगुण येते. लाईट जाऊन घर इन्व्हर्टरवर आलं की ती वाढते, कारण आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गोलसर लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा. तेव्हा सरळ फुल करून ठेवतो.

एक अडचण आमच्या गावभागातल्या घराचीच. २०१९ च्या पुरानंतर वायरिंग नव्यानं केली तेव्हा सगळे बोर्ड वर घेतले. त्यामुळे आण्णांना खुर्चीतून खुंटीपर्यंत हात पोचत नाही. ‘जरा कमी कर रे’, ‘अजून जरा’ हा कार्यक्रम रोजचा. रिमोटचा घेतला असता तर बरं, असं आमच्या हिचं मत.

बिलात फरक पडेल म्हणून घेऊ नका. मुळात नऊ वॅटच्या बल्बात वाचून वाचणार किती? आणि दिव्याचा डिमर पंख्याला लावू नका, शेजारचे काका त्याच विचारात होते.

आता बेडरूमची पाळी आहे. तिथं एकच बल्ब, म्हणून कमी लोडवर चालणारा खास एलईडीचा डिमर आणायला सांगितलाय. बल्ब दुकानातच त्याला जोडून, खुंटी तळापर्यंत फिरवून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.