टेली-मानस १४४१६: गावात राहून गांजा सोडणाऱ्याला किती कामाची?

गांजाचं व्यसन सोडवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. म्हणून चहातून गुपचूप द्यायच्या पुड्यांवर पिकाच्या चुकाऱ्याचा पैसा घालू नका. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, तेही महिनोन्‌महिने टिकवलं तर. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा त्यासाठी आम्हाला मोलाची वाटते. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि एसटीचं भाडं वाचतं.

चिलीम बंद केल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, घाम, अन्न नकोसं होणं सुरू होतं. पहिला आठवडा सर्वांत जड. बाकीचा त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, पण झोप न लागणं आणि विचित्र स्वप्नं त्याहून लांबतात. ‘फक्त झोपेपुरती’ म्हणून पुन्हा ओढली जाते ती इथेच, आणि रात्री दोन वाजता उचलला जाणारा फोन इथेच कामी येतो. रानडुकरांसाठी वावरात जागल असेल तर महिनाभर ती भावाकडे द्या. रात्रीचं जागरण आणि जागलीवरची चिलमीची संगत, दोन्ही एकदम सुटतात. झोपेच्या गोळ्या मनानं घेऊ नका, त्यांचीही सवय लागते.

फोन लावण्याआधी वहीत लिहा: कितव्या वर्षी सुरुवात, दिवसाला किती चिलमी, शेवटची कधी, सोबत दारू किंवा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), घरात आणखी कोण ओढतं. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं धरू नका. वही असली की पाढा पुन्हा वाचावा लागत नाही.

तंबाखूचा विषय स्वतःहून काढा. चिलमीत गांजा तंबाखूबरोबरच भरला जातो, त्यामुळे खर्रा चालू ठेवला तर निकोटीनची तलफ गांजाकडे परत ओढते. आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण हेच.

फोनवर लघवीची तपासणी होत नाही, याचं फार वाईट वाटून घेऊ नका. रोज ओढणाऱ्याची तपासणी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून घरच्यांनी त्याला खोटारडा ठरवलं तर सुटत आलेला माणूस परत पारावरच्या टोळक्यात जातो.

कानात आवाज येणं, टोकाचा संशय किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर फोनवर भागवू नका. माणसाला एकटं न ठेवता थेट जिल्हा रुग्णालयात न्या. पोलिसांच्या भीतीनं थांबू नका. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्याचं कलम ६४अ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाला, त्यानं स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर, खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं.