याशिका-मॅट १२४जी : कोकणच्या हवेत चार पावसाळे

दापोलीतल्या एका जुन्या फोटो स्टुडिओने दुकान आवरले, तेव्हा त्यांच्या फडताळात चामड्याच्या कव्हरात बंद पडून राहिलेला याशिका-मॅट १२४जी हा जुना फिल्मचा कॅमेरा मी सहा हजार रुपयांना घेतला. उजेडासमोर धरला की खालच्या लेन्सच्या आत, कडेकडून मध्याकडे सरकत आलेले बुरशीचे पांढुरके तंतू स्पष्ट दिसत होते. एक सेकंदाला लावलेले शटर तीन-तीन सेकंद उघडेच राहत होते आणि प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई जागची हलत नव्हती. चार पावसाळे उलटून गेले आहेत आणि या कॅमेऱ्यातून माझे साठच्या वर रोल काढून झाले आहेत. समुद्रकाठी राहून असा कॅमेरा घ्यावा का, असे ओळखीतले बरेच जण विचारतात. घ्यावा, पण नेमाने वापरणार असाल तरच, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा दोन लेन्सचा, म्हणजे ट्विन लेन्स रिफ्लेक्स प्रकारचा कॅमेरा जपानमध्ये १९७० पासून १९८६ पर्यंत बनत होता. वरची लेन्स पाहण्यासाठी आणि खालची फोटो काढण्यासाठी असते. खालची याशिनॉन लेन्स ८० मिलिमीटरची, चार भिंगांची आणि एफ ३.५ ची आहे (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). शटर कोपल कंपनीचे असून एका सेकंदापासून १/५०० सेकंदापर्यंतचे वेग देते, आणि ते लेन्सच्या आतच बसवलेले असल्यामुळे फ्लॅश कोणत्याही वेगाला चालतो. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो येतात. ३५ मिलिमीटर फिल्मच्या तुलनेत या निगेटिव्हचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक भरते, त्यामुळे मोठी प्रिंट काढली तरी जाळे विणणाऱ्या हातांवरच्या रेषा तुटत नाहीत. रोल भरताना कागदावरचा बाण खुणेशी जुळवून मागचे दार लावायचे आणि बाजूची दांडी फिरवायची. पहिल्या फोटोवर ती आपोआप थांबते. त्याच दांडीने शटरही ताणले जाते, त्यामुळे घाईत एकावर एक फोटो पडण्याची धास्ती राहत नाही.

या कॅमेऱ्याची खरी गोडी मात्र वरच्या लेन्समधले दृश्य जिच्यावर उमटते, त्या घासून धूसर केलेल्या काचेत आहे. वरची झडप उघडून कॅमेरा पोटाशी धरला की मान खाली घालून पाहावे लागते, आणि त्या चौकोनात समोरचे जग सुलटे पण डावे-उजवे बदललेले दिसते. हर्णैच्या किनाऱ्यावर सायंकाळच्या मासळीच्या लिलावाला मी प्रथम हा कॅमेरा घेऊन गेले, तेव्हा डावीकडे निघालेली होडी काचेत उजवीकडे सरकत होती आणि तिच्यामागून धावणारा माझा हात दर वेळी उलटा जात होता. हात सरावायला महिना लागला. पण त्याच संध्याकाळी दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याने माणसे जशी आवरून बसतात, तशी येथे बसत नाहीत, कारण फोटो काढणारा त्यांच्याकडे रोखून पाहत नसतो. पापलेटांची टोपली समोर मांडून बसलेल्या एका मावशींनी "काय बघतेस गं त्यात?" असे विचारले, म्हणून मी कॅमेरा त्यांच्यापुढे खाली धरला. त्यांनी वाकून पाहिले, आपल्या शेजारणीला काचेत शोधले आणि तिला हात हलवायला सांगितले. मागे सुवर्णदुर्गाची काळी कडा, पुढे ओल्या वाळूवर उभे राहिलेले पाणी आणि मध्ये हात हलवणारी ती बाई, हा त्या रोलमधला सातवा फोटो आहे. माझ्या भिंतीवर तोच लावलेला आहे.

दुरुस्तीबद्दल मात्र सावधपणे सांगितले पाहिजे. कॅमेरा मी आधी जवळच्याच एका कारागिराकडे दिला. त्याने शटरच्या पात्यांवर तेल सोडले. दोन आठवडे सगळे वेग सुरळीत चालले, त्यानंतर तेच तेल पसरून पाती एकमेकींना चिकटली आणि शटर साफ बंद पडले. लेन्समधल्या शटरची पाती कोरडी असावी लागतात; अडकत असतील तर जुने घट्ट झालेले वंगण धुऊन काढावे लागते, नवे घालायचे नसते. नंतर मुंबईतल्या एका वयस्क कारागिरांनी शटर पूर्ण खोलून धुतले, लेन्सची भिंगे सुटी करून बुरशी पुसली आणि दोन्ही लेन्सचा फोकस पुन्हा जुळवून दिला. साडेतीन हजार रुपये आणि सहा आठवडे लागले. बुरशी गेली, पण एका भिंगाच्या कडेला तिने काचेवरचा संरक्षक लेप खाल्ल्याची अंधूक जाळी राहिली आहे. सूर्य समोर असला की फोटोच्या त्या कोपऱ्यात किंचित धूसरपणा येतो, एरवी काही जाणवत नाही. कॅमेरा परत देताना त्यांनी सेल्फ टायमरला हात न लावण्याचे बजावले, कारण इतक्या वयाच्या कॅमेऱ्यात तो अर्ध्यावर अडकला तर शटरही सोबत अडकते.

आता पावसाळ्याविषयी, कारण कोकणात जुन्या कॅमेऱ्याचे आयुष्य जून ते सप्टेंबर या चार महिन्यांवर ठरते. येथे या दिवसांत भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर हिरवट थर धरतो, पापड मऊ पडतात. लेन्सवरच्या बोटाच्या ठशातला तेलकटपणा आणि धूळ एवढे खाद्य बुरशीला पुरते. सर्वांत घातक ते चामड्याचे कव्हर. दिसायला देखणे असले तरी ते ओल शोषून धरते आणि अंधार देते, म्हणून मी ते पहिल्याच दिवशी वेगळे केले. कॅमेरा आता घट्ट झाकणाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात, सुती फडक्यावर असतो. सोबत निळ्या सिलिका जेलच्या दोन पुरचुंड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ ठेवते. घड्याळाचा काटा ५० च्या आसपास असावा. ६० च्या वर जाऊ लागला की जेल गुलाबी झालेलेच असते. ते जाड तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होते. जुलैत हे दर दहा दिवसांनी करावे लागते. उघडीप मिळाली की झडप उघडून, दोन्ही लेन्स कोवळ्या उन्हाकडे करून तासभर ठेवते आणि रोल नसला तरी प्रत्येक वेगावर दोन-तीनदा खटका दाबते. किनाऱ्यावरून आल्यावर खारट वाऱ्याचा चिकट थर किंचित ओलसर कापडाने आणि लगेच कोरड्या कापडाने पुसलाच पाहिजे, नाहीतर स्क्रूंच्या डोक्यांवर हिरवे डाग येतात. एवढे केल्यावर चार पावसाळ्यांत नवा तंतू एकही आलेला नाही.

मीटर मी दुरुस्त केला नाही. तो १.३५ व्होल्टच्या पारायुक्त बॅटरीसाठी बनवलेला होता, ती बॅटरी आता बनत नाही, आणि १.५ व्होल्टची घातली तर वाचन चुकते. म्हणून प्रकाशाचा अंदाज मी डोळ्यानेच घेते. ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे, त्याचा आकडा) फिल्म असेल तर येथल्या लख्ख उन्हात १/५०० सेकंद आणि एफ १६ लावायचे, वाळूवर एफ २२. सुरूच्या बनात शिरले की लेन्स चार पायऱ्या जास्त उघडायची, म्हणजे एफ १६ वरून एफ ४ वर यायचे. महिन्याभरात डोळा तयार होतो.

खर्च हलका नाही. १२० चा कृष्णधवल रोल हजार रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे एका खटक्याला ऐंशी-पंचाऐंशी रुपये. रंगीत रोल धुवायला मला मुंबईला पाठवावे लागतात, म्हणून मी बहुतेक काम कृष्णधवलच करते आणि रोल घरी धुते. एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला डी-७६ या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, एकास एक पाणी मिसळून, २० अंशांना ११ मिनिटे लागतात. आमच्या नळाचे पाणी एप्रिलमध्ये ३० अंशांवर असते, त्यामुळे बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवून तापमान उतरवल्याशिवाय मी रोल टाकीत घालत नाही. पावसात निगेटिव्ह वाळायला रात्र पुरत नाही. न्हाणीघरात दोरीला चिमट्याने टांगून, दार लावून, मी दुसऱ्या दुपारपर्यंत हात लावत नाही.

उणिवाही आहेत. लेन्स बदलता येत नाही, एक मीटरपेक्षा जवळ जाता येत नाही, आणि जवळच्या माणसाचे डोके वरच्या लेन्समधून पूर्ण दिसत असले तरी फोटोत थोडे कापले जाऊ शकते. किलोभराचे वजन गळ्यात घेऊन गडाचा चढ चढणे सोपे नाही.

घ्यायचाच असेल तर टॉर्च सोबत न्यावी, मागचे दार उघडून शटर बी वर (खटका दाबून धरेपर्यंत शटर उघडे ठेवणाऱ्या खुणेवर) धरावे आणि लेन्समधून आरपार प्रकाश पाडून पाहावे. तंतू कडेला असतील तर पुसून निघण्याची आशा असते. मध्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरले असतील तर किंमत कितीही उतरवली तरी तो घेऊ नये. त्यानंतर एक सेकंदाचा वेग लावून कान द्यावा. चक्रांची घरघर एकसारखी ऐकू आली, तर दुरुस्तीचे तीन-चार हजार धरूनही दहा हजारांपर्यंत हा कॅमेरा महाग पडत नाही.