ग्रंथालयाच्या पुस्तकांची यादी : वहीत की फोनमध्ये?

वाचून झालेल्या पुस्तकांसाठी वहीला तोड नाही. एका पुस्तकाला दोन-तीन ओळी पुरतात: नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, परत केल्याची तारीख आणि पुस्तक कसं वाटलं ते एका वाक्यात. हे वाक्य पुस्तक हातात असतानाच लिहावं. नंतर लिहू म्हटलं की राहतंच. अर्धवट सोडलेलं पुस्तकही कितव्या पानावर सोडलं त्यासकट नोंदवावं, नाहीतर वर्षभराने तेच पुन्हा घरी येतं.

पुढे वाचायच्या पुस्तकांचं मात्र वहीत जमत नाही. क्रम सतत बदलतो, खाडाखोड होते आणि कपाटासमोर उभं असताना वही नेमकी घरी असते. ही यादी फोनमध्येच हवी, आणि नावासोबत वर्गांकही हवा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो तो विषयाचा क्रमांक. ड्यूई पद्धतीत, म्हणजे विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीत, दशांश चिन्हानंतरचे आकडे एकेक करून वाचायचे असतात: ५२३.११२ हे ५२३.२ च्या आधी येतं. एकशे बारा मोठे म्हणून पुढे शोधत गेलात, तर पुस्तक जागेवर असूनही दिसत नाही.

फोनमधली बरीच अॅप्स आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकावरून, पुस्तक नोंदवतात. सोय मोठी, पण शोधताना त्यावर भिस्त नको. पेपरबॅकचा क्रमांक वेगळा, पुठ्ठा बांधणीचा वेगळा. शिवाय २००७ च्या आधीच्या प्रतींवर १० अंकी, नंतरच्यांवर १३ अंकी. नाव आणि लेखक टाकून शोधलं, तर ग्रंथालयात असेल ती आवृत्ती सापडते.