नागपूरच्या लक्ष्मीनगरातील कॅनडा स्पाउस स्पॉन्सरशिप सल्लागार: आमचा दीड वर्षाचा अनुभव

आमचे लग्न डिसेंबर 2023 मध्ये वर्धा रोडवरील एका लॉनवर झाले. माझे पती कॅनडाचे पीआरधारक (तेथे कायम राहण्याचा हक्क असलेले, पण नागरिक नसलेले) असून ओंटारियो प्रांतातील मिसिसागाला नोकरी करतात. लग्नानंतर तीन आठवड्यांत ते परत गेले आणि मी नागपूरलाच राहिले. पतीने प्रायोजक होऊन पत्नीच्या स्थायी रहिवासासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज करायचा (यालाच स्पाउस स्पॉन्सरशिप म्हणतात) हे ठरलेलेच होते, फक्त कोणाच्या मदतीने करायचा हे ठरायचे होते. लक्ष्मीनगरातील ज्या कार्यालयाकडून आम्ही शेवटी काम करून घेतले, त्याबद्दल हे सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्यासारखी कुटुंबे शहरात आता बरीच आहेत आणि चुकीच्या ठिकाणी पाऊल पडले तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही.

आमचे पहिले पाऊल चुकीच्याच ठिकाणी पडले होते. एका एजंटाने अडीच लाख रुपये सांगितले, त्यातले निम्मे रोख मागितले आणि पीआर मिळण्याची हमी दिली. आमची हकिगत ऐकून तो म्हणाला, "साक्षगंध आणि लग्न यांत पाचच आठवडे आहेत. तिकडच्या लोकांना हे पटत नाही. तुमची तीन वर्षांपासून ओळख होती असे लिहू, बाकी मी बघतो." शिवाय फॉर्ममध्ये त्याचे नाव कोठेही टाकायचे नाही, अशी त्याची अट होती. बाबा तेथे काही बोलले नाहीत, पण घरी येईपर्यंत त्यांचा निर्णय झालेला होता. त्या माणसाचे म्हणणे किती घातक होते हे आम्हाला लक्ष्मीनगरात कळले. कॅनडाच्या कायद्यानुसार पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकील व नोंदणीकृत पॅरालीगल (कायदा साहाय्यक), क्युबेकचे नोटरी आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या तेथील नियामक संस्थेकडे नोंदणी असलेले परवानाधारक यांनाच आहे. अर्जात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर अर्जदारावर पाच वर्षांची बंदी येते. खोटी प्रेमकहाणी त्याने सुचवली असती, पण बंदी माझ्या नावावर आली असती.

लक्ष्मीनगरातील कार्यालय एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तेथे दोन कर्मचारी बसतात. परवानाधारक सल्लागार मॅडम स्वतः ओंटारियोत असतात आणि संध्याकाळी साडेसातनंतर व्हिडिओवर भेटतात, तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे दहा (हिवाळ्यात नऊ) वाजलेले असतात. त्या मूळच्या विदर्भातल्याच असल्यामुळे संपूर्ण बोलणे मराठीत झाले आणि आई-बाबांनाही सर्व काही थेट समजले. पैशांचा विषय निघण्याआधी कर्मचाऱ्याने मॅडमचा परवाना क्रमांक कागदावर लिहून दिला आणि त्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत तो घरी जाऊन तपासा, मगच या, असे सांगितले. शुल्क 1,10,000 रुपये, तीन हप्त्यांत, लेखी करारासह आणि प्रत्येक हप्त्याच्या पावतीसह.

पहिल्या बैठकीत मॅडमनी माझ्याकडे न वळता पतींना प्रश्न विचारले. तुम्ही पीआर म्हणून कॅनडात उतरलात ती तारीख कोणती? त्या दिवशी तुम्ही अविवाहित होता का? तुम्हाला स्वतःला कोणी जोडीदार म्हणून प्रायोजित केले होते का? तुम्ही आत्ता कॅनडातच राहता ना? प्रत्येक प्रश्नामागचे कारणही त्यांनी सांगितले. उतरण्यापूर्वी लग्न झालेले असेल आणि ते अर्जात जाहीर केलेले नसेल, तर त्या पत्नीला पुढे सहसा प्रायोजित करता येत नाही. जो स्वतः जोडीदार म्हणून प्रायोजित होऊन आला असेल, त्याला पीआर मिळाल्यापासून पाच वर्षे नव्या जोडीदारासाठी अर्ज करता येत नाही. आणि नागरिक परदेशात राहूनही अर्ज करू शकतो, पीआरधारक मात्र नाही. त्याला कॅनडातच राहावे लागते. माझा प्रत्यक्ष विरह किती लांबणार हे मला त्या शेवटच्या नियमामुळे त्या दिवशी स्पष्ट झाले, कारण "सहा महिने नागपूरला येऊन राहतो" असे हे म्हणत होते ते आता शक्य नव्हते. लहान सुट्टीवर येणे वेगळे, असेही मॅडमनी समजावले.

त्यानंतर हमीपत्राचा विषय झाला आणि येथे त्यांनी जो वेळ दिला त्याबद्दल मी विशेष आभारी आहे. पत्नीला प्रायोजित करणारा पती तिला पीआर मिळाल्याच्या दिवसापासून तीन वर्षे तिच्या मूलभूत गरजांची जबाबदारी सरकारला लिहून देतो. मधल्या काळात घटस्फोट झाला किंवा त्याची नोकरी गेली, तरी ती जबाबदारी संपत नाही. नवऱ्यासोबत दोन वर्षे राहण्याची जुनी सशर्त पीआरची अट 18 एप्रिल 2017 पासून रद्द झालेली आहे, हेही त्यांनी माझ्या आईला उद्देशून सांगितले. आईने तो प्रश्न विचारला नव्हता, पण तिच्या मनात तोच होता हे मला माहीत होते. मुलगी इतक्या दूर पाठवताना अडचण आलीच तर तिचे काय, याचे उत्तर कोणीतरी इतक्या सरळ शब्दांत दिल्यामुळे आई त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

खरी कसोटी लागली ती नात्याच्या पुराव्यांत. आमचे नाते मावशीने जुळवले, पाहण्याचा कार्यक्रम झाला, दोन महिने फोनवर बोललो, साक्षगंध झाले, लग्न झाले. एजंटाच्या बोलण्यामुळे या सरळ गोष्टीची मला लाज वाटू लागली होती. मॅडमनी ती लाज पूर्णपणे काढून टाकली. तुमची ओळख कोणी करून दिली हे फॉर्ममध्येच विचारलेले असते आणि ठरवून झालेले लग्न हा दोष नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांनी मजकूर लिहून दिला नाही. "तुम्ही दोघे वेगवेगळे बसून आधी मराठीत लिहा, मग आपण इंग्रजीत आणू," असे त्यांनी सांगितले. माझ्या लिखाणात पाहण्याच्या दिवशी यांनी पोहे परत मागून घेतले एवढेच होते, तर यांच्या लिखाणात मी गच्चीवर नेऊन "तिकडे थंडीत एकटी राहावे लागेल का?" असे विचारल्याचे होते. ते मी विसरूनही गेले होते. दोन्ही तसेच ठेवले गेले.

फोटोंच्या निवडीत तर संपूर्ण रविवार गेला. छायाचित्रकाराने नऊशेच्या वर फोटो दिले होते आणि सोबत जोडायला कमाल मर्यादा वीसची, तर संवादाच्या पुराव्याची दहा पानांची. मी निवडलेल्या वीसपैकी सतरा फोटोंत आम्ही दोघेच, सजून, कॅमेऱ्याकडे पाहत उभे होतो. मॅडमनी त्यातले बहुतेक बाजूला काढले. त्यांनी निवडलेल्या एका फोटोत सासरे आणि बाबा हिशेबाची वही मध्ये ठेवून खुर्चीवर वाकलेले होते, मागे आम्ही जेवत होतो. दुसऱ्यात साक्षगंधाच्या दिवशी माझी आजी यांच्या हातावर गूळ ठेवत होती. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण, कोण कोणाचे कोण आणि काय चालले आहे हे दोन ओळींत लिहिले गेले, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला साक्षगंध म्हणजे काय हे माहीत असेलच असे नाही.

त्यातच त्यांचे लक्ष एका फोटोवर थांबले. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने माझे सासरचे नवे नाव लिहिले जात होते. "हे नाव कोणाचे?" त्यांनी विचारले. माझे पासपोर्टवरचे नाव माहेरचे, आधारवर लग्नानंतर घाईने बदललेले पतीचे नाव व आडनाव, आणि ताटात तिसरेच नाव. म्हणजे एका बाईची तीन नावे एकाच अर्जात येणार होती. हा फोटो काढून टाकावा असे मला वाटले. त्यांनी तो ठेवला, प्रथा काय आहे ते खाली लिहायला लावले आणि तिन्ही नावे फॉर्ममधील इतर नावांच्या रकान्यात भरली. अर्ज चालू असेपर्यंत पासपोर्टवरील नाव बदलू नका, असेही बजावले. पोलीस प्रमाणपत्रही पासपोर्टवरच्या नावाने मिळाले. हा एक सल्ला मला त्यांच्या संपूर्ण शुल्काच्या तोडीचा वाटतो.

आमच्या वेळी सरकारी शुल्क प्रायोजकत्वाचे 85, प्रक्रियेचे 545 आणि स्थायी रहिवासाच्या हक्काचे 575, असे एकूण 1,205 कॅनेडियन डॉलर होते. बायोमेट्रिकचे 85 वेगळे. हे सर्व पतींनी थेट भरले, कार्यालयाने त्याला हात लावला नाही.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. माझा जन्मदाखला केवळ मराठीत होता. त्याचे भाषांतर कार्यालयाने नेमलेल्या अनुवादकाने केले आणि आईच्या नावाचे स्पेलिंग माझ्या पासपोर्टमधील स्पेलिंगपेक्षा वेगळे पडले. ते आम्ही रात्री घरी बसून वाचले म्हणून लक्षात आले. कार्यालयातून तो कागद तपासून झाल्याचे सांगण्यात आले होते. दुरुस्ती, नवे प्रतिज्ञापत्र आणि नोटरी यांत आठ दिवस गेले. दुसऱ्यांदा पैसेही मागितले गेले, बाबांनी बोलल्यावर ते मागे घेतले. अर्ज ऑगस्ट 2024 मध्ये दाखल झाल्यावर उत्तरांचा वेग फार मंदावला. बायोमेट्रिकचे पत्र आले तेव्हा मी दुरांतोने मुंबईला गेले, पुढे वैद्यकीय तपासणीसाठी पुन्हा गेले, आणि दोन्ही वेळा साध्या प्रश्नाला चार-पाच दिवस थांबावे लागले. फाईल पुढे सरकली नाही तर सांगण्यासारखे काही नसते हे मला मान्य आहे, पण नवऱ्यापासून दूर बसलेल्या माणसाला "अजून काही नाही" एवढे तीन शब्दही पुरतात. जानेवारीत हे पंधरा दिवस आले, आम्ही रामटेकला गेलो, आणि तेथील फोटो व तिकिटे पुरवणी पुरावा म्हणून जोडावीत का हे विचारले, त्याचे उत्तर हे परत गेल्यावर आले. दुसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही, त्यामुळे सासूबाईंना खाली गाडीतच बसावे लागले.

सप्टेंबर 2025 मध्ये पीआर मंजूर झाल्याचे कळले. त्या संध्याकाळी मॅडमनी स्वतः फोन केला, आधी आईशी बोलल्या, मग माझ्याशी.

ज्यांची कागदपत्रे सरळ आहेत, नाव एकच आहे आणि इंग्रजी फॉर्म शांतपणे वाचायची सवय आहे, त्यांनी सल्लागाराशिवाय अर्ज करायला हरकत नाही. तो हक्क प्रत्येकाला आहे. आधीचा घटस्फोट, नकारलेला व्हिसा किंवा आमच्यासारखी नावांची गुंतागुंत असेल तर मी या कार्यालयाचे नाव निःसंकोच सुचवते, मात्र भाषांतर स्वतः अक्षर न् अक्षर तपासावे आणि दाखल झाल्यानंतर उत्तर किती दिवसांत मिळेल हे करारातच लिहून घ्यावे. पहिल्या बैठकीला जाताना निवडलेला अल्बम न नेता छायाचित्रकाराने दिलेला पूर्ण पेन ड्राइव्ह न्यावा. आमचे बरेचसे उपयोगी फोटो आम्ही टाकून दिलेल्या ढिगातूनच निघाले.