कीबोर्डवरून फक्त एकाच प्रोग्रामचा आवाज कमीजास्त : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी सांगलीत विश्रामबागला राहते, हार्मोनियम शिकते, क्लास झूमवर असतो आणि सर पुण्यात. ऑनलाइनमध्ये दोघांनी एकत्र वाजवणं जमतच नाही, आवाज पोचायला उशीर होतो, म्हणून तानपुरा ज्याचा त्याने आपल्याकडे लावायचा. माझा म्हणजे व्हीएलसी प्लेयरमध्ये लूपवर टाकलेली काळी दोनच्या सुराची फाइल. (मिरज एवढी जवळ, तिथल्या तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं, एक दिवस खरा घरात आणायचाच आहे.) स्पीकरवर लावला तर माइकमधून सरांकडे जातो म्हणून हेडफोन, आणि मग कानात दोन आवाज, एक तानपुरा एक सर. सर बोलायला लागले की तानपुरा खाली पाहिजे, आलाप घ्यायचा म्हटलं की परत वर, आणि हे तासभर चालूच असतं.

कीबोर्डवरची नेहमीची व्हॉल्यूमची बटणं सगळंच एकदम कमी करतात, त्यामुळे सरही गायब. प्रोग्रामवार आवाजाची सोय विंडोजमध्ये 2007 च्या व्हिस्टापासून आहे, व्हॉल्यूम मिक्सर, पण तो माउसने उघडा, बरोबर पट्टी शोधा, ओढा, आणि इकडे डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. तेवढ्यात सर पुढच्या ओळीवर गेलेले असतात.

मी वापरते ते दोन फुकट प्रोग्राम एकत्र. निरसॉफ्टचं निरसीएमडी, त्याला 'चेंज-अ‍ॅप-व्हॉल्यूम' अशी कमांड देऊन पुढे प्रोग्रामच्या फाइलचं नाव आणि किती ते लिहायचं, 0.05 म्हणजे पाच टक्के, मायनस लावलं की कमी. आणि ऑटोहॉटकी, जे ती कमांड एका कीला बांधून देतं. पूर्ण स्क्रिप्ट, म्हणजे त्यासाठी लिहिलेली छोटी फाइल, माझी चार-सहा ओळींची आहे. नंबरपॅडवरचा प्लस म्हणजे तानपुरा वर, मायनस म्हणजे खाली, गुणिलेचं बटण म्हणजे एकदम बंद आणि परत दाबलं की चालू. एक बोट पुरतं, तान संपली की उजवा हात तसाच बाजूला जातो, न बघता. कंट्रोल-अल्ट आणि बाण असलं काही घेऊ नका, दोन हात लागतात आणि काही जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये त्याने अख्खी स्क्रीन उलटी होते.

आता नंबरपॅड अडकवला तर घरात चालणार कसं? भाऊजी मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीचे हिशोब ह्याच कॉम्प्युटरवर टॅलीत टाकतात, त्यांना प्लस-मायनस हवंच. म्हणून स्क्रिप्टमध्ये अट घातली की स्क्रोल लॉक चालू असेल तरच ह्या कीज आवाजाच्या, नाहीतर जशा होत्या तशा. ती की नाहीतरी कोण वापरतं, आणि तिचा दिवा पेटलेला दिसला की कळतं क्लास मोड चालू आहे. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच, खरंच.

व्हीएलसीला स्वतःच्या ग्लोबल हॉटकीज, म्हणजे दुसरी विंडो समोर असली तरी चालणाऱ्या कीज, आहेत की, मग हा खटाटोप कशाला असं कुणी म्हणेल. फक्त व्हीएलसीचा प्रश्न असेल तर तेवढं बास आहे, प्रेफरन्समध्ये हॉटकीज बघा. पण मला झूमचा आवाजही असाच हातात हवा होता, सर कधी माइकपासून लांब बसतात, आणि एकाच पद्धतीने दोन्ही झालं की बोटाला सवय लागते.

एक सेटिंग मात्र आधी बघाच. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज 80 टक्के कमी करायचे असं विंडोजमध्ये मुळातच लावलेलं असतं. जुन्या साउंड कंट्रोल पॅनलमध्ये कम्युनिकेशन्स म्हणून टॅब आहे, तिथे 'डू नथिंग' करा, नाहीतर तुम्ही प्लस दाबत बसाल आणि तानपुरा दबलेलाच राहील.

अडचणी आहेत, नाही असं नाही. प्रोग्रामने एकदा तरी आवाज काढल्याशिवाय कमांड लागू होत नाही, म्हणून तानपुरा आधी सुरू करायचा. समोरची विंडो अ‍ॅडमिन म्हणून उघडलेली असेल तर ऑटोहॉटकीच्या कीज तिथे चालत नाहीत. मुख्य आवाज 40 वर असेल तर तानपुरा 100 केला तरी त्या 40 च्या वर जात नाही, म्हणून मी मुख्य आवाज वरच ठेवते आणि कमीजास्त फक्त प्रोग्रामच्या आवाजात करते. क्रोमचे सगळे टॅब मिक्सरला एकच प्रोग्राम दिसतात, त्यामुळे क्लास ब्राउझरमध्ये आणि तबला पण ब्राउझरमध्ये असेल तर एक फायरफॉक्समध्ये उघडा. काही अँटिव्हायरस निरसीएमडीला अडवतात, ते निरसॉफ्टच्या मूळ साइटवरूनच घ्या, इकडून तिकडून नको. ऑटोहॉटकीची आवृत्ती 1 आणि 2 यांची लिहायची पद्धत वेगळी आहे, कुणाची स्क्रिप्ट उचलताना कुठल्या आवृत्तीची ते विचारून घ्या.

स्क्रिप्टचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकून ठेवलाय, लाइट जाऊन आली तरी कॉम्प्युटर सुरू केला की आपोआप चालू होते. नंबरपॅड नसलेला लॅपटॉप असेल तर एफ9, एफ10 घेता येतील, नाहीतर सुटा यूएसबी नंबरपॅड मिळतो तो पेटीच्या शेजारी ठेवायचा. हे सगळं फक्त विंडोजसाठी, मॅकवर हे दोन्ही प्रोग्राम चालत नाहीत.