शिमल्याचं इंडियन कॉफी हाऊस: डोशासाठी नव्हे, कॉफीसाठी

मॉल रोडसारख्या मोक्याच्या जागी एका कपावर तासभर बसू देणं धंद्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. शिमल्याचं इंडियन कॉफी हाऊस साठ वर्षांहून जास्त काळ तेच करतंय. कारण साधं आहे. त्याला मालक नाही. कॉफी आणून देणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेचं ते आहे.

याचं मूळ मुंबईत आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस (उपकर) कमिटीने १९३६ मध्ये चर्चगेटला पहिलं कॉफी हाऊस उघडलं. पुढे सरकारी कॉफी बोर्डाने गावोगावी ती चालवली आणि पन्नासच्या दशकात गुंडाळायला घेतली. नोकऱ्या गेलेल्या कामगारांना कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी सहकाराचा रस्ता दाखवला. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळूरला पहिली सोसायटी झाली, ऑक्टोबरात दिल्लीत सहकारी कॉफी हाऊस सुरू झालं. शिमल्याचं त्याच वेलीवरचं. म्हणूनच थंड हवेच्या गावात, सफरचंदांच्या मुलखात, पांढऱ्या गणवेशातला, डोक्यावर तुरेदार फेटा घातलेला माणूस डोसा-वडा आणून देतो.

आता खाण्याचं. डोसा बरा आहे, इतकंच. सवय पुण्या-मुंबईतल्या उडप्याची असेल तर तो फिका वाटेल, आणि यात सगळा दोष आचाऱ्याचा नाही. पीठ नीट आंबायला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. जानेवारीत इथे रात्रीचा पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. उबेला ठेवलं नाही, तर पीठ फुगत नाही आणि डोसा जाळीदार व्हायच्या ऐवजी पोळीसारखा चिवट निघतो. डाळीचंही तसंच. शिमला सुमारे २,२०० मीटरवर आहे, त्यामुळे पाणी ९३ अंशांच्या आतबाहेरच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकरच लागतो.

गंमत म्हणजे हीच उंची कॉफीला बाधत नाही. कॉफीचा अर्क ९० ते ९६ अंशांच्या पाण्यात उत्तम उतरतो. म्हणजे इथलं उकळतं पाणी आपोआप त्या मापात बसतं. फक्त कप निवतो लवकर. गप्पा मारत बसायचं असेल तर एकदम दोन-तीन कॉफ्या सांगून ठेवू नका, एक संपली की दुसरी मागवा. तमिळनाडूतल्या कुंभकोणमी फिल्टर कॉफीचा कडवा दणका मात्र इथे शोधू नये. सोबत कटलेट किंवा ऑम्लेट-टोस्ट घ्या. या दोन्हींना पीठ आंबायची वाट बघावी लागत नाही.

जागा अंधारी, बैठका जुन्या, सजावट नावापुरती. सहकारी संस्थेत सजावटीवर खर्च करायची घाई कुणालाच नसते, याचा हा तोटा. फायदा असा की पर्यटक दिसला म्हणून कुणी महागडी डिश गळ्यात मारत नाही. नेहमीचं गिऱ्हाईक वकील, पत्रकार, निवृत्त बाबू आणि राजकारणी. चर्चा बहुतेक निवडणुकीची. नरेंद्र मोदी नव्वदच्या दशकात हिमाचलचं पक्षकार्य बघायचे तेव्हा इथे यायचे. डिसेंबर २०१७ मध्ये जयराम ठाकूर यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या शपथविधीनंतर मोदींनी ताफा थांबवून इथली कॉफी घेतली. त्यानंतर फोटोवाल्यांची गर्दी वाढली, ती नेहमीच्या मंडळींना फारशी मानवलेली दिसत नाही.

मॉल रोडवर खासगी गाड्यांना बंदी आहे. खालच्या कार्ट रोडवर उतरून लिफ्टने वर या आणि स्कँडल पॉइंट या चौकाकडे चालत निघा. आजी-आजोबा बरोबर असतील तर ही चाल आधीच हिशेबात धरा. मे महिन्यात आणि नाताळच्या आठवड्यात दुपारी टेबल मिळणं कठीण. सकाळी जाणं शहाणपणाचं. टेबल रिकामं दिसलं की सरळ बसा, दारात उभं राहून कुणी बसवेल याची वाट पाहिलीत तर उभेच राहाल. ऑर्डर घ्यायला येणाऱ्यालाही हाताने खूण करावी लागते. चहाचा आग्रह धरणाऱ्यांनी मॉलवरची दुसरी दुकानं बघावीत.